हवेतल्या धुळीत आणि धुरात काय असतं?



वेळापूर भागात ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या रानात पाचट पेटलेलं दिसतं. सकाळी पाहावं तर धुराचा पट्टा शिवारावर आडवा पसरलेला असतो आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी पडलेली असते. उन्हाळा आला की धुराची जागा धूळ घेते. "हवाच तशी आहे," असं म्हणून आपण ते सोडून देतो. पण हवेत जे तरंगतं, ते कुठून तरी वर गेलेलं असतं. ते तपासलं तर त्यातला बराचसा माल आपल्याच रानातला निघतो. त्यात आपली माती असते, आपलं पाचट असतं आणि पैसे मोजून आणलेलं खतसुद्धा असतं. म्हणून आजचा विषय जरा वेगळा घेतला आहे. हवेतले कण कशाचे बनलेले असतात, ते माणसाला आणि पिकाला काय करतात, आणि त्यातलं काय आपण रानातच राखू शकतो, ते क्रमानं पाहू.

कण केवढा असतो?

झरोक्यातून उन्हाची तिरीप घरात आली की तिच्यात कण नाचताना दिसतात. ते दिसतात म्हणजे ते मोठेच कण. खरे बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत.

कण मोजायचं माप म्हणजे मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार सारखे भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. शास्त्रज्ञ हवेतल्या कणांचे दोन गट करतात. १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना 'पीएम १०' म्हणतात आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांना 'पीएम २.५'. हा दुसरा कण केसाच्या जाडीच्या विसाव्या भागापेक्षाही लहान असतो.

हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. धुळीचा जाड कण काही वेळात खाली बसतो आणि श्वासाबरोबर आत गेला तरी बहुधा नाकात, घशात अडकतो. धुराचा बारीक कण मात्र हवेत कित्येक दिवस तरंगतो. पाऊस येऊन धुऊन काढीपर्यंत तो वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातो, आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी तळापर्यंत पोचतो.

जाड कण : आपल्या काळ्या रानाची धूळ

वेळापूरचं अर्धनारीनटेश्वराचं देऊळ ज्या काळ्या पाषाणाचं आहे, तोच पाषाण आपल्या जमिनीची आई आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंड होऊन हा खडक झाला. तो झिजून, कुजून आपली काळी माती तयार झाली. म्हणून आपल्याकडच्या धुळीत तेच घटक सापडतात. खडकाचा साधारण निम्मा भाग सिलिका, म्हणजे वाळू ज्या द्रव्याची असते ते द्रव्य. उरलेल्या भागात ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची संयुगं.

याची परीक्षा घरी करता येते. ओढ्यातली वाळलेली काळी वाळू कागदावर पसरा आणि खालून लोहचुंबक फिरवा. काही कण चुंबकामागे धावतील. ते लोहाचे कण. रानातल्या चुनखडीच्या खड्याचा चुरा करून त्यावर लिंबू पिळा. बारीक बुडबुडे येतील. ते कॅल्शियमचं, म्हणजे चुन्याचं लक्षण.

धुळीतल्या या चुन्याचा एक उपकारही आहे. कोळसा, डिझेल जळून जी आम्लं हवेत तयार होतात, त्यांची धार हा चुना मारतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पावसाच्या पाण्याच्या तपासण्या केल्या, त्यात मातीतल्या कॅल्शियममुळे आम्लता कमी होते असं दिसून आलं आहे.

पण म्हणून धूळ उडू द्यावी असं नाही. वारा नांगरटीवरून वाहतो तेव्हा ढेकूळ उचलत नाही. तो सर्वांत हलका आणि बारीक भाग उचलतो. हा बारीक भाग म्हणजे चिकणमाती आणि सेंद्रिय पदार्थ. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचं काम हेच दोन घटक करतात. म्हणजे धुळीबरोबर जातं ते मातीतलं लोणी, आणि मागं राहतो तो चोथा.

बारीक कण : धुराचे

आता धुराकडे वळू. चुलीतलं सरपण असो, उसाचं पाचट असो की ट्रॅक्टरचं डिझेल, जळण पुरतं जळलं नाही की धूर होतो. या धुरात मुख्यतः तीन गोष्टी असतात.

पहिली, काजळी. ही म्हणजे जवळजवळ शुद्ध कोळसा, कार्बन. ती ऊन शोषून घेते आणि भोवतालची हवा तापवते. दुसरी, तेलकट-डांबरी पदार्थांचं मिश्रण. डोळे चुरचुरतात आणि छाती भरते, त्यात या पदार्थांचा आणि धुरातल्या तिखट वायूंचा हात असतो. तिसरी, क्षार; आणि त्यांत विशेष करून पालाश.

हो, पालाश, आपण पोटॅश म्हणून विकत आणतो तेच. झाडपाला जळाला की त्यातल्या पालाशाचा काही भाग बारीक कण होऊन धुराबरोबर वर जातो. शास्त्रज्ञ हवेचा नमुना तपासताना बारीक कणांत पालाश किती आहे ते मुद्दाम बघतात. ते वाढलेलं दिसलं की कुठं तरी लाकूडफाटा किंवा पिकाचा काडीकचरा जळतो आहे, अशी खूण पटते. धुराची ओळख पटवण्याइतकं आपलं पोटॅश आभाळात जातं, याचा विचार करावा.

साखर कारखान्याच्या धुराड्यातून भुश्श्याची जी राख बाहेर पडते, तिच्यात सिलिकाचं प्रमाण बरंच असतं. कपड्यांवर पडणारी काळी पापडी ही मोठी असल्यामुळे दिसते. तिच्याहून जास्त काळजी न दिसणाऱ्या धुराची घ्यायला हवी.

हवेतच तयार होणारं खत

सर्वांत नवलाची गोष्ट पुढे आहे. काही कण जमिनीवरून उडत नाहीत आणि धुराड्यातूनही येत नाहीत. ते हवेतच तयार होतात.

आपण युरिया उघड्यावर फेकला आणि तो ओल्या मातीवर तसाच पडून राहिला, की त्याचा अमोनिया वायू होतो. गोठ्यात सकाळी जो उग्र वास येतो, तोच हा वायू. आपल्या जमिनी चुनखडीयुक्त, विम्लधर्मी. सामू बहुतेक ठिकाणी आठाच्या पुढे. अशा जमिनीत आणि उन्हात अमोनिया जास्त वेगानं उडतो.

तिकडे कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांतून गंधकाचा वायू बाहेर पडतो, वाहनांतून नायट्रोजनचे वायू बाहेर पडतात. हवेत त्यांची आम्लं होतात. आपला अमोनिया वर जाऊन या आम्लांना मिळतो आणि घन कण तयार होतो. गंधकाच्या आम्लाबरोबर झाला तर तो अमोनियम सल्फेट, आणि दुसऱ्या आम्लाबरोबर झाला तर अमोनियम नायट्रेट. अमोनियम सल्फेट हे नाव तुम्ही खताच्या पोत्यावर वाचलेलं आहे. तेच खत एका मायक्रॉनहूनही बारीक कणांच्या रूपात हवेत तरंगत असतं. पिकाला मिळायचं ते छातीत जातं.

हिशेब करून पाहा. युरियाची ४५ किलोची पिशवी घेतली, तर ४६ टक्क्यांप्रमाणे तिच्यात सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असतं. त्याचा पाचवा हिस्सा उडाला असं धरलं, तर चार किलोंहून थोडं जास्त नत्र गेलं. म्हणजे एका पिशवीमागे नऊ किलो युरिया हवेत. नुकसान जमिनीप्रमाणे, ओलीप्रमाणे, उन्हाप्रमाणे कमीजास्त होतं. पण युरिया मातीआड केला तर ते पुष्कळ टळतं.

समुद्राचं मीठ आणि ढगाचं बी

पावसाळ्यात वारा फिरतो आणि अरबी समुद्रावरून सह्याद्री ओलांडून आपल्याकडे येतो. लाटांच्या फेसातून उडालेलं बारीक मीठ तो बरोबर आणतो. आपल्या घरातलं मीठ पावसाळ्यात जसं ओलं होतं, तसे हे कण हवेतली वाफ ओढून घेतात. ढगातला थेंब नुसत्या वाफेचा बनत नाही. त्याला बसायला एखादा कण लागतो. हा कण म्हणजे ढगाचं बी.

बी जाड आणि ओल ओढणारं असेल तर थेंब लवकर मोठा होतो. धुराच्या बारीक कणांची फार गर्दी झाली, तर तेवढीच वाफ अनेकांत वाटली जाते. थेंब बारीक राहतात आणि पाऊस पडायला वेळ लागतो. पावसाचा एक थेंब होण्यासाठी ढगातले सुमारे दहा लाख बारीक थेंब एकत्र यावे लागतात, हे ध्यानात घेतलं म्हणजे हा फरक कळतो.

आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. म्हणूनच पुण्याच्या वर सांगितलेल्या संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर भागात विमानांच्या साहाय्यानं ढगांवर प्रयोग केले. ओल ओढणाऱ्या कॅल्शियम क्लोराईडचे कण काही निवडक ढगांच्या तळाशी सोडले, आणि काही ढग तुलनेसाठी तसेच ठेवले. बी पेरलेल्या जागेपासून वाऱ्याच्या दिशेनं शंभर चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के जादा पाऊस झाला, असा निष्कर्ष संस्थेनं काढला. अर्थात योग्य ढगच नसेल तर बी पेरून काही उपयोग नाही, हेही त्यात आलंच.

इथं एक गैरसमज नको. आपण पाचट जाळतो ते मुख्यतः हिवाळ्यात, आणि पाऊस येतो नंतर. एका गावच्या पाचटानं मृग कोरडा गेला, असं कुणी म्हणू नये. पण हवेतल्या कणांचा आणि पावसाचा संबंध आहे, एवढं मात्र नक्की.

माणसावर आणि पिकावर परिणाम

हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड आणि जड होते, आणि वरची हवा उबदार राहते. मग पातेल्यावर झाकण ठेवावं तसा धूर खालीच कोंडतो. ऊसतोड, पाचट आणि शेकोट्या नेमक्या याच दिवसांत येतात. म्हाताऱ्या माणसांचा दमा आणि लहान मुलांचा खोकला याच वेळी वाढतो. बारीक कणांचा हृदयावरही ताण पडतो.

आपल्या देशात २००९ साली ठरलेल्या मानकाप्रमाणे एका घनमीटर हवेत पीएम २.५ चं प्रमाण २४ तासांच्या सरासरीनं ६० मायक्रोग्रॅमच्या आत हवं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली याहून कडक, म्हणजे १५ ची मर्यादा सुचवली आहे. हवेचा प्रश्न फक्त शहराचा आहे असं आपल्याला वाटतं. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात आपल्या जिल्ह्यातल्या सोलापूर शहराचं नाव आहेच. पण पेटलेल्या रानाच्या कडेला उभा असलेला माणूस आणि चुलीपुढे बसलेली बाई जी हवा घेतात, ती शहराच्या चौकातल्या हवेपेक्षाही वाईट असू शकते.

पिकाचंही तसंच. कच्च्या रस्त्याकडेच्या डाळिंबावर, द्राक्षावर धुळीचा थर बसला की पानाला ऊन कमी मिळतं आणि त्याची बारीक छिद्रं बुजतात. धुळकट पानांवर लाल कोळीही लवकर वाढतो.

रानातलं धन रानातच कसं राखावं?

आता उपायांकडे येऊ.

१. पाचट जाळू नका. उसाचं पाचट एकरी साधारण ३ ते ४ टन निघतं. ४ टन धरलं, तर त्यात १६ ते २० किलो नत्र, ७ ते ८ किलो स्फुरद आणि ३६ ते ४० किलो पालाश असतं. शिवाय सव्वा ते दीड टन सेंद्रिय कर्ब असतो. काडी लावली की नत्राचा बहुतेक भाग आणि कर्ब हवेत जातो. पालाश बरंचसं राखेत राहतं, पण ती राखही वारा उडवून नेतो. म्हणजे जवळजवळ एक पिशवी युरिया आणि एका पोत्याहून जास्त पोटॅश आपण काडीनं पेटवतो.

२. खोडव्यात पाचट सरीत दाबा. तोडणी झाल्यावर बुडख्यांवरचं पाचट बाजूला करून सरीत सारखं पसरा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. दर टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. चार टनांना हेच ३२ किलो, ४० किलो आणि ४ किलो होतं. लगेच पाणी द्या. युरिया कोरड्या पाचटावर पडून राहिला तर तोही उडेल. हा युरिया कशाला, असं कुणी विचारील. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडं असतं. जिवाणूंना वरून नत्र दिलं नाही, तर ते उसाच्या वाट्याचं ओढून घेतात.

३. खोडव्याचं खत पहारीनं द्या. खताचे दोन हप्ते करा. पहिला तोडणीनंतर पंधरा दिवसांत, वाफसा आल्यावर. बुडख्यापासून १० ते १५ सेंटिमीटर अंतरावर, १५ ते २० सेंटिमीटर खोल भोकं पाडा. दोन भोकांत ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. खत टाकून भोक मातीनं बुजवा. दुसरा हप्ता सुमारे चार महिन्यांनी सरीच्या दुसऱ्या अंगाला द्या. गाडलेलं खत ना उडतं, ना वाहून जातं.

४. इतर पिकांतही युरिया उघडा टाकू नका. पेरून द्या, कोळपणीनं झाका, नाही तर टाकल्याबरोबर पाणी द्या. भर उन्हात ओल्या जमिनीवर फेकणं टाळा. ठिबक असेल तर विद्राव्य खत त्यातूनच थोडं थोडं सोडा.

५. रान उघडं ठेवू नका. गरजेपेक्षा जास्त कुळवाच्या पाळ्या देऊन मातीचं पीठ करू नका. पश्चिमेच्या बांधावर शेवरी, गिरीपुष्प लावा. वारा अडतो, पाला खताला होतो. डाळिंबाच्या बागेलगत कच्चा रस्ता असेल तर धुळीच्या दिवसांत रस्त्यावर पाणी शिंपडा.

६. मळणीच्या वेळी नाक-तोंड बांधा. ज्वारीच्या मळणीत माती, कुसं आणि बुरशीचे बीजकण एकदम उडतात. दोन पदरी ओलं फडकं जाड धूळ अडवतं. यंत्राचा भुसा ज्या दिशेला जातो, तिकडे उभं राहू नका.

७. चुलीचा धूर घराबाहेर काढा. गॅस असेल तर तोच वापरा. चूल पेटवावी लागली तर वाळकं सरपण वापरा, वर धुराडं ठेवा आणि तान्ह्या मुलाला चुलीपाशी नेऊ नका.

दोन शंका

पाचट ठेवलं तर पाणी पुढं सरकत नाही, असं बरेच जण म्हणतात. पहिल्या पाण्याला वेळ लागतो, हे खरं. पाचट सरीत नीट दाबलेलं असेल तर पहिल्या पाण्यानंतर ते बसतं. पुढे त्याच आच्छादनानं ओल टिकते, दोन पाळ्यांमधलं अंतर वाढवता येतं आणि तणही कमी उगवतं. नीरा उजव्या कालव्याचं आवर्तन लांबलं म्हणजे या ओलीची किंमत कळते.

दुसरी शंका उंदरांची. पाचटाचे ढीग बांधावर तसेच सोडले तर उंदीर होतात. म्हणून ढीग ठेवू नका, पाचट पसरा आणि बांध स्वच्छ ठेवा.

शेवटी एवढंच

धूळ ही आपली माती आहे. धुरात आपलं पोटॅश आहे. हवेतल्या न दिसणाऱ्या कणांत आपल्या युरियाचाही वाटा आहे. कोळशाचा आणि वाहनांचा धूर थांबवणं एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही; पण पाचटाला काडी लावायची की नाही आणि युरिया मातीआड करायचा की नाही, हे आपल्याच हातात आहे. यंदा सगळ्या रानात जमणार नसेल तर निदान एका एकरात पाचट ठेवून बघा. शेजारी जाळलेल्या रानाशी त्याची तुलना करा. कुदळ मारून दोन्हीकडची माती हातात घ्या, गांडुळं मोजा, पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवा. आम्ही सांगितलेलं खरं की खोटं, ते तुमचं रानच तुम्हाला सांगेल.

हे पत्रक वाचून झालं की शेजाऱ्याला द्या. राम राम.